ऊनी प्रोब : साइट बंद पडली की बंद पाडली, हे तपासणारं ॲप

एकाच इमारतीत तळमजल्यावरच्या जिओवर साइट उघडते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एअरटेलवर नुसतं चक्र फिरत राहतं. सर्व्हर पडलाय, राउटर रुसलाय की मधे कुणी दार लावून घेतलंय, याचा छडा लावायला ऊनी प्रोब हे फुकट ॲप आहे. (नावाचा लोकरीशी संबंध नाही, ती ‘ओपन ऑब्झर्व्हेटरी ऑफ नेटवर्क इंटरफिअरन्स’ची इंग्रजी आद्याक्षरं आहेत.) ॲप चांगलं आहे. पण त्याने दिलेला निकाल जसाच्या तसा पुढे पाठवला तर हसं होण्याची शक्यता बरीच, म्हणून हे परीक्षण थोडं खोलात जाऊन.

ॲपमागे एकत्र कुटुंब आहे. ऊनी हा प्रकल्प 2012 मध्ये टॉर प्रोजेक्टच्या (निनावी ब्राउझिंगचं टॉर बनवणाऱ्या संस्थेच्या) अंगणात सुरू झाला. कोणत्या साइट तपासायच्या ती यादी टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबची. या यादीचं मूळ ओपननेट इनिशिएटिव्हमध्ये आहे. सिटिझन लॅब, हार्वर्डचं बर्कमन सेंटर आणि ओटावाचा सेकदेव ग्रुप यांचा तो संयुक्त प्रकल्प 2014 च्या डिसेंबरमध्ये थांबला, यादी मात्र पुढे वाढत राहिली. वेग मोजायची चाचणी 2009 पासून चालू असलेल्या मेझरमेंट लॅबची. भारतात बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने सहा मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यांवर स्वतंत्र मोजणी केली. 2020 मध्ये आलेल्या त्या अभ्यासातून दिसलं की सगळ्या कंपन्या सारख्याच साइट अडवत नाहीत आणि अडवण्याची रीतही सगळीकडे एक नाही. तळमजला आणि तिसरा मजला यांच्यातला फरक तिथूनच येतो.

ॲप अँड्रॉइडसाठी प्ले स्टोअर किंवा एफ-ड्रॉइडवर मिळतं, आयफोनसाठी ॲप स्टोअरवर. विंडोज आणि मॅकसाठीही आवृत्ती आहे. पहिल्यांदा उघडलं की धोक्यांची माहिती येते आणि मग छोटी प्रश्नोत्तरी. ती घाईने पार करू नका. तुम्ही मोजलेलं सगळं जाहीर होणार आहे हे तिथेच सांगितलेलं असतं.

चालवण्याआधी तीन गोष्टी बंद करा. व्हीपीएन सुरू असेल तर मोजणी तुमच्या जाळ्याची न होता व्हीपीएनवाल्याची होते. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी यंत्रणा) गूगल किंवा क्लाउडफ्लेअर भरलेलं असेल तर कंपनीने डीएनएसमध्ये केलेली लबाडी दिसतच नाही. ही चूक सर्रास होते, आणि ‘सगळं ठीक’ असा खोटा निकाल हाती येतो. आयफोनवर ‘प्रायव्हेट रिले’ (ॲपलचा व्हीपीएनसारखा आडमार्ग) हाही बंद ठेवा.

आता वेळेचं. साइटच्या चाचणीला मुळात 90 सेकंदांची मर्यादा घातलेली असते. जागतिक यादी आणि भारताची यादी मिळून हजाराहून जास्त पत्ते होतात. दीड मिनिटात त्यातले काही डझनच उरकतात. म्हणून सेटिंगमध्ये मर्यादा काढून टाका, नाहीतर ‘चूज वेबसाइट्स’मधून आपल्याला हवे तेच पत्ते भरा. पत्ता पूर्ण भरायचा, एचटीटीपी (उघडं) आणि एचटीटीपीएस (कुलूपबंद) दोन्ही रूपांत. दोन्हींचे निकाल वेगळे येऊ शकतात, आणि खरा मासला त्या फरकातच असतो.

आतलं काम असं. फोन आधी साइटचा आयपी, म्हणजे आकडी, पत्ता विचारतो, मग जोडणी करतो, मग पान मागवतो. त्याच वेळी दुसऱ्या देशातला ऊनीचा मदतनीस सर्व्हर तेच करतो. मग दोन्हींची तुलना : आयपी जुळतो का, जोडणी झाली का, पानाची लांबी, शीर्षक आणि स्टेटस कोड (सर्व्हरने उत्तरासोबत दिलेला आकडा) सारखे आहेत का. दोन पानांच्या लांबीचं गुणोत्तर 0.7 च्या वर असेल तर पान जुळलं असं धरतात. कुठे बिनसलं त्यावरून डीएनएस (पत्ता चुकला), टीसीपी/आयपी (जोडणी झाली नाही), एचटीटीपी डिफ (पान वेगळं) किंवा एचटीटीपी फेल्युअर (पान आलंच नाही) असा शेरा पडतो.

घोळ होतो तो शेऱ्याच्या वरच्या शब्दापाशी. ॲप ‘ॲनॉमली’ म्हणतं, म्हणजे फक्त एवढंच की काहीतरी जुळलं नाही. मोठ्या साइट सीडीएन (जवळच्या सर्व्हरवरून पान देणारं जाळं) वापरतात, त्यामुळे मुंबईत एक आयपी आणि युरोपात दुसराच मिळणं अगदी रोजचं आहे. क्लाउडफ्लेअर एका बाजूला ‘तुम्ही माणूस आहात का’ विचारतं, दुसऱ्या बाजूला सरळ पान देतं. उलटंही घडतं : आपल्या काही सरकारी साइट परदेशी आयपीला दारातूनच परत पाठवतात. न्यू जर्सीत बसून सातबारा पाहू गेलेल्या माणसाला तो अमेरिकेचा अडथळा वाटतो, पण नकार इकडच्या सर्व्हरचा असतो. एका ॲनॉमलीवर ओरड करू नये. त्याच जाळ्यावर, वेगवेगळ्या वेळी, निदान चार-पाच वेळा मोजावं आणि बिघाडाचा प्रकार दर वेळी तोच येतो का ते बघावं.

दुसरी बाजूही आहे, आणि भारतासाठी तीच महत्त्वाची. ‘कन्फर्म्ड’ हा पक्का शेरा ऊनी तेव्हाच देतं, जेव्हा अडवणुकीची ओळखीची खूण सापडते. ‘दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार बंद’ असं इंग्रजीतलं पान, किंवा एअरटेलवर पानात घुसवलेली चौकट, जिच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट’ असतं (टिंब नव्हे, दूरसंचार विभागाचं लघुरूप), अशा त्या खुणा. हे साध्या एचटीटीपीवर जमतं. एचटीटीपीएसमध्ये कंपनीला पानच बदलता येत नाही. ती जोडणीच्या सुरुवातीला उघडं जाणारं साइटचं नाव, म्हणजे एसएनआय, वाचते आणि तार कापते. हाती राहतं फक्त ‘कनेक्शन रीसेट’. ना पान, ना खूण, म्हणून शेरा ‘ॲनॉमली’वरच थांबतो. जिओवर ही एसएनआयची रीत बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवून दिली होती. त्यामुळे ऊनीच्या संकेतस्थळावर भारताचा ‘कन्फर्म्ड’ आकडा पाहून ‘एवढंच बंद आहे’ म्हणणं चूक ठरेल. इथे ॲपने अजून एक मधली पायरी द्यायला हवी होती. सामान्य वापरणाऱ्याला सीडीएनचा किरकोळ फरक आणि शंभर वेळा सारखाच आलेला रीसेट एकाच केशरी रंगात दिसतो.

मोजणी झाली की काही मिनिटांत ती ऊनी एक्सप्लोररवर येते. तिथे देश ‘इंडिया’ निवडा आणि जाळ्याचा एएसएन, म्हणजे ओळख क्रमांक, टाका : जिओ 55836, बीएसएनएल 9829, एअरटेल ब्रॉडबँड 24560, एअरटेल मोबाइल 45609. गल्लीतल्या केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर एएसएन त्याचाच असेल असं नाही. तो वरून ज्याच्याकडून बँडविड्थ घेतो त्याचाही निघतो. अडवणूकही वरच्याकडून झालेली असू शकते. स्वतः काही न अडवणाऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांना शेजारच्या जाळ्याची कात्री लागते, हे आयआयआयटी दिल्लीच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं आहे. केबलवाल्याशी भांडायला जाण्याआधी हे पाहून घ्या. मोजणीच्या पानावर ‘रिझॉल्व्हर’ची (डीएनएसचं उत्तर देणाऱ्या सर्व्हरची) ओळही तपासा, डीएनएस खरोखर कंपनीचाच होता की नाही ते तिथे कळतं.

पैसे लागत नाहीत, डेटा लागतो. सगळ्यात खादाड ती वेगाची चाचणी. 10 सेकंद खाली आणि 10 सेकंद वर अशी ती चालते. 50 एमबीपीएसच्या लाइनवर नुसतं डाउनलोड साधारण 62 एमबी खातं. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ती आपोआप चालू ठेवू नका. ‘ऑटो-रन’ वापरायचंच असेल तर ‘फक्त वायफाय’ आणि ‘फक्त चार्जिंगवर’ या दोन्ही खुणा करा. आणखी एक : ऊनी तुमचा आयपी पत्ता जाहीर न करण्याची काळजी घेतं, मेझरमेंट लॅब मात्र वेगाच्या निकालासोबत तो जाहीर करते. हे नको असेल तर ती चाचणी बंद ठेवा.

यादीत जुगाराच्या, प्रौढांसाठीच्या आणि बंडखोर गटांच्याही साइट आहेत. तुमच्या फोनने त्या मागितल्या याची नोंद कंपनीकडे राहते. असे वर्ग सेटिंगमध्ये एकेक करून बंद करता येतात. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर हे ॲप चालवूच नये. आखाती देशांत राहणाऱ्यांनी तर आधी तिथला कायदा बघावा.

इंटरनेट पूर्ण बंद असेल तेव्हा ऊनीचा उपयोग नाही, कारण मोजायलाही तारच लागते. त्यासाठी जॉर्जिया टेकचं आयोडा पाहावं. ते बाहेरून, राउटिंगच्या, म्हणजे डेटाच्या वाटांच्या, खुणांवरून, कुठलं जाळं गप्प झालं ते टिपतं.

सगळ्यात उपयोगी सोय म्हणजे ऊनी रन. पाच-दहा पत्त्यांची एक लिंक करायची आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. कोल्हापूरचा बीएसएनएलवाला, नागपूरचा जिओवाला आणि पुण्याचा केबलवाला ती दाबतात आणि एकाच दिवसात तीन जाळ्यांवरचे निकाल जमा होतात. तुमच्या आवडीची मराठी साइट मूळ यादीत आहे का, ते गिटहबवर सिटिझन लॅबच्या फोल्डरमधली भारताची सीएसव्ही (यादीची फाइल) उघडून शोधा. नसेल तर ऊनीच्या यादी-संपादकातून पत्ता, वर्गाचा कोड आणि कारण भरून सुचवता येतं. माणूस तपासतो, मगच ती नोंद आत जाते.

साइट खरोखर अडवलेली निघाली तर मोजणीची लिंक, तारीख आणि एएसएन जपून ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या, साइट अडवण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या कलम 69अ खाली 2009 मध्ये केलेल्या नियमांपैकी 16 वा नियम गुप्ततेचा आहे, त्यामुळे आदेशाची प्रत मागून मिळणं अवघड. कोर्टाच्या ‘अशोक कुमार’ आदेशाने, म्हणजे अनोळखी प्रतिवादीविरुद्धच्या आदेशाने साइट बंद झाली असेल, तर तो कोर्टाच्या संकेतस्थळावर सापडू शकतो. आधी तिकडे शोधा.