खाडीत नांगर टाकताना: एकच पुढून, एक पुढे एक मागे, की दोन्ही पुढून?

वीस-पंचवीस फुटी बोट घेऊन ठाण्याच्या किंवा घोडबंदरच्या खाडीत गळ टाकायला जाणाऱ्याला दरवेळी एक गोष्ट ठरवावी लागते. नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, एका नांगरावर बोट मोकळी फिरू द्यायची, की मागूनही नांगर टाकून तिला जखडायची? तिसराही एक मार्ग आहे आणि आपल्या पाण्यात मला तोच जास्त पटतो. पण आधी मागच्या नांगराची गरज का वाटते ते बघू.

मुंबईच्या किनाऱ्याला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या पुढे जातो. समजा ओहोटीला खाली 2 मीटर पाणी आहे, भरतीला आणखी 4 मीटर चढणार आहे आणि नाळेची पाण्यापासून उंची 1 मीटर आहे. झाले 7 मीटर. दोर त्याच्या निदान पाचपट हवा, म्हणजे 35 मीटर. वारा असेल तर सातपट, म्हणजे 49. आता हाच 35 मीटरचा दोर ओहोटीला जवळजवळ आडवा पसरतो. त्यात बोटीची 7 मीटर लांबी धरा. नांगराभोवती सगळीकडे 42 मीटर, म्हणजे 84 मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. ओहोटीला खोल पाणी मधल्या अरुंद पट्ट्यातच उरतं, बाकी सगळा गाळ उघडा पडतो. दर सहा तासांनी पाणी फिरलं की बोटही फिरते आणि चिखलावर जाऊन बसते. पुढचं पाणी येईपर्यंत तिथून हलणं नाही, कारण त्या गाळात उतरून चालताही येत नाही.

म्हणून लोक मागचा नांगर टाकतात. बोट एका रेषेत राहते, गळाचे दोर गुंतत नाहीत, जागा कमी लागते. टाकायला कठीण नाही: पुढचा नांगर टाकून दुप्पट दोर सोडत मागे जायचं, मागचा नांगर सोडायचा, मग पुढचा दोर ओढत मध्यावर यायचं आणि मागचा दोर हळूहळू सैल करत न्यायचा. त्या वेळी इंजिन न्यूट्रलला, आणि एक माणूस फक्त मागच्या दोरावर नजर ठेवून. तो दोर इंजिनाच्या पंख्यात गेला तर इंजिन गेलंच, शिवाय बोट मागूनच बांधली गेली.

फायदा मिळेल की नाही हे खाडी कुठल्या दिशेला आहे त्यावर ठरतं, आणि याकडे फारसं कुणी बघत नाही. ठाणे खाडी साधारण उत्तर-दक्षिण. पाण्याची ओढ त्याच रेषेत, म्हणून बोटही आपण त्याच रेषेत बांधतो. दुपारनंतर मात्र समुद्राकडचा पश्चिमेचा वारा सुटतो आणि थेट बोटीच्या कुशीवर येतो. मोकळी बोट वाऱ्याला तोंड देऊन उभी राहिली असती. जखडलेली बोट अख्खी बाजू वाऱ्यापुढे धरते. ताण कितीतरी पटीने वाढतो, नांगर गाळातून घसरायला लागतात, आणि ते कळतं तेव्हा बोट बरीच सरकलेली असते. गायमुखपासून वसईकडे जाणारी घोडबंदरची खाडी साधारण पूर्व-पश्चिम आहे. तिथे वारा आणि पाणी बहुतेक एकाच रेषेत, त्यामुळे मागे-पुढे नांगर टाकणं जास्त चालून जातं. नाळ पश्चिमेकडे ठेवली की झालं.

तरी मागच्या नांगराचा मूळ धोका राहतोच. आउटबोर्डची, म्हणजे मागच्या कडेवर बाहेरून इंजिन लावलेली बोट मागे सगळ्यात जड आणि सगळ्यात बुटकी असते. पाणी फिरलं की अर्धा वेळ प्रवाह मागूनच येतो. त्यात एखादा मालवाहू बार्ज वेगात गेला तर लाट सरळ आत. फ्लोरिडात फेब्रुवारी 2009 मध्ये चौघं मासेमारीला गेले होते. अडकलेला नांगर सुटेना म्हणून त्यांनी दोर मागे बांधला आणि इंजिनाचा जोर लावला. मागची बाजू पाण्याखाली गेली, बोट उलटली, तिघे गेले. आपल्या गाळात नांगर रुततोच, आणि तो सोडवायला भरतीची मदत घेण्याची सवय अनेकांना असते: दोर ताणून बांधायचा आणि चढत्या पाण्याने उपटू द्यायचा. नाळेवर हे करता येतं. मागे कधीही करू नका. बोट वर चढण्याऐवजी तिची मागची कड खाली ओढली जाते.

तिसऱ्या पद्धतीला बहामा पद्धत म्हणतात. दोन्ही नांगर नाळेवरूनच, एक खाडीच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. भरतीला एकावर ताण, ओहोटीला दुसऱ्यावर. बोट जागच्या जागी फिरते, जागा मागच्या नांगराइतकी कमी नसली तरी एका नांगरापेक्षा खूप कमी लागते, आणि पाणी असो वा वारा, तोंड नाळेचंच. त्रास दोनच. सैल पडलेला दोर खोल न्यायला त्याला छोटं वजन अडकवावं लागतं, नाहीतर तो पंख्याकडे येतो. आणि बोट एकाच दिशेने फिरत राहिली तर दोर एकमेकांना पीळ घालतात. दुपारपुरतं थांबायचं असेल तर हा प्रश्न येत नाही, रात्रभर थांबलात तर सकाळी सोडवत बसावं लागतं.

नांगराचा प्रकारही बघा. चार आकड्यांचा घडीचा नांगर स्वस्त असतो, पण आपल्या मऊ गाळात तो फाळासारखा नुसता ओढला जातो. रुंद पात्यांचा डॅनफोर्थ घ्या, त्यापुढे निदान दोन-तीन मीटर साखळी, मग दोर. टाकल्यावर लगेच ओढू नका, काही मिनिटं त्याला गाळात बसू द्या आणि मग हळू जोर लावा. दोरावर लक्ष हवं: घोडबंदरकडे जलपर्णीचे पुंजके आणि दोन्हीकडे प्लास्टिकच्या पिशव्या त्याला गुंडाळतात. तासाभरात तिथे दांडग्या बोळ्याएवढं काहीतरी लटकलेलं दिसतं आणि ताण वाढतो. मागच्या दोरावर हे दुप्पट वाईट, कारण ते उचलायला वाकणारा माणूस आधीच बुटक्या बाजूला आणखी भार देतो.

शेजारी एका नांगरावर मोकळे फिरणारे असतील तर तुम्ही जखडून बसू नका. ते फिरतील आणि तुमच्यावर येतील. उलट सगळे मागून-पुढून बांधलेले असतील तर तुम्हीही तसंच करा. ऐरोली-वाशीदरम्यानचा अभयारण्याचा भाग मात्र कुठल्याच पद्धतीसाठी नाही. 2015 मध्ये तो फ्लेमिंगो अभयारण्य झाला, ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय, दर्जाही मिळाला. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय थांबायचं नाही.

मी ठरवतो ते असं. वारा कमी असेल, दोनेक तास गळ टाकायचा असेल आणि पाणी फिरायच्या आत निघायचं असेल तर मागचा नांगर, तोही घोडबंदरकडे. ठाणे खाडीत, किंवा मुलं-म्हातारी माणसं बरोबर असताना, पुढूनच दोन. उरलेल्या वेळी जागा असेल तर एकच, आणि दोर भरपूर. मागचा नांगर वापरलात तर दोराच्या टोकाला फुगा बांधून ठेवा आणि हाताशी धारदार सुरी ठेवा, म्हणजे गरज पडली तर दोर तोडून निघता येईल आणि नांगर नंतर शोधता येईल.