काळ्या थंडरबर्डची चमक परत आणताना: ऑटोसॉल, अल्टिमेट कंपाउंड आणि कार्नुबा वॅक्स

माझी मोटरसायकल, रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड, चमकवायला ज्या तीन वस्तू वापरल्या त्यांचा आधी निकाल सांगतो. क्रोमसाठी ऑटोसॉल या धातू चमकवायच्या पेस्टची ट्यूब डोळे झाकून घ्या. पेट्रोलच्या टाकीच्या रंगासाठी मेग्वायर्स कंपनीचं अल्टिमेट कंपाउंड, म्हणजे ओरखडे घासून घालवायचं पॉलिश, उत्तम आहे, पण ते शेवटचा उपाय म्हणून हातात घ्यायचं. फॉर्म्युला वन या ब्रँडचं कार्नुबा वॅक्स स्वस्तात मिळतं आणि आपलं काम चोख करतं, फक्त नाशिकच्या उन्हाळ्यात ते पुन्हा पुन्हा लावायची तयारी ठेवा. आणि या तिन्हींच्या आधी ज्या वस्तूवर पैसे खर्चायला हवेत ती म्हणजे चांगले मायक्रोफायबर फडके आणि क्ले, म्हणजे रंगावर चिकटलेले कण उचलणारी मऊ वडी. लोक हे दोन्ही सोडून थेट पॉलिशवर जातात, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

माझी गाडी रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड ३५०, २०१२ नंतरची वीस लिटर टाकीवाली, रंग काळा. कंपनीने हे मॉडेल २०२० मध्ये बंद केलं आणि त्याच्या जागी मिटिऑर आणली. त्यामुळे आता आहे तोच रंग, आहे तेच क्रोम जपायचं. मी अंबडच्या एमआयडीसीत प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर निकेल-क्रोमचा मुलामा चढवायच्या, कामात आयुष्य काढलं. निकेलच्या टाक्या, क्रोमच्या टाक्या, बफिंगची धूळ, यातच. म्हणून क्रोमबद्दल जे लिहितोय ते अनुभवाने लिहितोय.

टूरिंगच्या गाडीचा रंग शहरात फिरणाऱ्या गाडीपेक्षा वेगळ्या जागी खराब होतो. सॅडल बॅग साइड कव्हरला घासते, तिच्यामागे धूळ अडकते आणि सापुतारा किंवा भंडारदऱ्यापर्यंत बॅग जेवढी हलते तेवढा वेळ ती धूळ पॉलिश पेपरसारखी रंग खरवडत राहते. टँक बॅगच्या चुंबकाखालीही तेच. टाकीच्या मागच्या उतारावर जॅकेटची झिप आणि पट्ट्याचं बक्कल लागतं. पुढच्या मडगार्डवर आणि बेंड पाइपवर (इंजिनापासून सायलेन्सरकडे जाणारा पाइप) डांबराचे ठिपके. कोकणात उतरलात तर समुद्राच्या हवेतलं मीठ क्रोमवर येऊन बसतं. माझ्या गाडीवर यात आणखी एका गोष्टीची भर होती: कंपनीच्या शेडमध्ये शेजारी ग्राइंडिंग चालायचं. त्यातले लोखंडाचे बारीक कण रंगावर चिकटतात, पावसात गंजतात आणि टाकीवर नारिंगी टिपके दिसू लागतात. लोकांना वाटतं टाकी गंजली. टाकी शाबूत असते, गंजलेले असतात ते वर चिकटलेले कण.

हे कण धुऊन निघत नाहीत, कंपाउंडने घासायला गेलात तर तेच कण कापडात फिरून नवे ओरखडे पाडतात. इथे क्ले लागतो. शाम्पूच्या पाण्याने पृष्ठभाग चांगला ओला ठेवायचा आणि क्लेची वडी अजिबात जोर न देता सरकवायची. सुरुवातीला ती खरखरत जाते, मग आवाज बंद होतो. काम झालं की नाही हे बघायचं असेल तर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाकीवरून फिरवा. नुसत्या बोटांना जे जाणवत नाही ते पिशवीतून लगेच जाणवतं. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्यायचा. धुऊन परत वापरायचा मोह धरू नका, एक खडा पुरतो.

धुण्याबद्दलही बोलायलाच हवं. सिडकोत आमच्या इमारतीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं. जड पाणी. ते उन्हात टाकीवर सुकलं की पांढरे गोल डाग उरतात, आणि काळ्या रंगावर ते लांबूनही दिसतात. त्यात अलीकडे एक पद्धत पडली आहे, आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून गाड्या धुवायची. पाणी वाचवायची भावना चांगली, पण गाळून वेगळे काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. फरशी पुसा त्याने, गाडी नको. गाडीचा शेवटचा हात गाळलेल्या चांगल्या पाण्याने किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने द्यायचा आणि लगेच कापडाने टिपून घ्यायचं. ताजे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून हलक्या हाताने पुसले की जातात, नंतर मात्र भरपूर पाणी मारायचं.

आणि तो रोज सकाळचा कोरडा फडका! उन्हात टाकीवर जी गोल गोल जाळी चमकते ती बहुतेक वेळा रस्त्यावर पडलेली नसते, घरी फडका मारून पडलेली असते. इमारतीखाली गाड्या पुसणारा मुलगा एकाच फडक्याने दहा गाड्या पुसतो. त्याला महिन्याचे पैसे जरूर द्या, पण माझ्या टाकीला हात लावू नकोस असं मी त्याला प्रेमाने सांगून ठेवलंय.

आता कंपाउंड. टाकीवर सर्वांत वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस त्याहून जाड असतो. कंपाउंड ओरखडा भरत नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा थर खाली आणून त्याला सपाट करतं. म्हणजे प्रत्येक वेळी तुम्ही त्या थरातून थोडं काढून घेताय आणि ते परत येणार नाही. हे एकदा डोक्यात बसलं की हात आपोआप हलका होतो. नख अडकतं असा ओरखडा असेल तर त्याच्या मागे लागायचं नाही, तो थराच्या खालपर्यंत गेलेला असतो.

आधी एका कोपऱ्यात, शक्यतो सीटखाली झाकलेल्या जागी, पांढऱ्या कापडावर थेंबभर घेऊन घासून बघा. कापड गाडीच्या रंगाचं झालं तर वर क्लिअर कोट नाही, तुम्ही थेट रंगच काढताय. जुन्या गाड्यांवर आणि बाहेरून रंगवलेल्या टाक्यांवर हे होतं. माझं कापड पांढरंच राहिलं. मग टाकीच्या कडा, पेट्रोलच्या झाकणाभोवतीची जागा, बॅज आणि स्टिकर मास्किंग टेपने झाकले. कडांवर थर मुळातच पातळ असतो आणि सगळा जोर नेमका तिथेच पडतो.

अल्टिमेट कंपाउंड मला आवडलं ते त्याच्या संयमामुळे. पेंटच्या दुकानातलं जे जाड रबिंग कंपाउंड मिळतं ते चटकन कापतं खरं, पण काळ्या रंगावर धुरकट छटा सोडतं आणि मग ती घालवायला दुसरं पॉलिश लागतं. हे कंपाउंड हाताने, फोमच्या छोट्या पॅडवर, वीतभर जागेत आडवं-उभं फिरवलं तरी जाळी बरीचशी जाते आणि मागे धूर राहत नाही. पुसायलाही त्रास देत नाही. बॅगने घासलेलं साइड कव्हर मला वाटलं होतं त्याहून खूप चांगलं निघालं, कलत्या उन्हात बघितलं तरच खुणा दिसतात. तेवढ्यावर मी थांबलो. उरलेल्या खुणांसाठी आणखी थर घालवणं मला पटत नाही. काम सावलीत आणि टाकी गार असतानाच करायचं, गरम पत्र्यावर कंपाउंड सुकून चिकटतं.

त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये निम्मं पाणी घालून सगळं पुसून घ्या. कंपाउंडमधलं तेल ओरखड्यात बसून खोटी चमक दाखवतं. ते तेल गेल्यावर जे दिसतं ते खरं काम.

मशीनचं काय, असं पुतण्याने विचारलं. "काका, आपल्याकडे ग्राइंडर आहेच की, त्यालाच फोमचा पॅड लावू." मी त्याला तिथल्या तिथे थांबवलं. चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतो, तो क्षणात क्लिअर कोट जाळून पार पत्र्यापर्यंत जाईल. ड्युअल ॲक्शन पॉलिशर त्यामानाने सुरक्षित, कारण त्याचा पॅड फिरता फिरता हेलकावतो आणि एका जागी उष्णता साठू देत नाही. चारचाकी असेल तर तो घ्या. मोटरसायकलच्या टाकीला आणि दोन कव्हरांना हात पुरतो.

क्रोमवर मात्र मी रमतो. चमकतं ते सगळं क्रोम नसतं, हे प्लेटिंगवाल्याला विचारा. सजावटीच्या कामात खाली निकेलचा थर असतो, दहा ते तीस मायक्रॉनचा, आणि झळाळी तोच देतो. त्याच्यावरचं क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही कमी असतं, निकेल काळवंडू नये म्हणून. या क्रोमला सूक्ष्म भेगा आणि छिद्रं असतातच. ओल आणि मीठ तिथून आत शिरतं, निकेलमधल्या छिद्रांतून लोखंडापर्यंत पोचतं, आणि खालचा गंज ठिपक्यांनी वर येतो. क्रोम स्वतः गंजत नाही. म्हणून ठिपका दिसला की तो वरचा डाग समजून घासत बसण्यापेक्षा तिथे वाट उघडी आहे असं समजा.

ऑटोसॉल ही जर्मन पेस्ट आहे, ट्यूबमध्ये येते, आणि वाटाण्याएवढी घेतली तरी अर्ध्या सायलेन्सरला पुरते. गंजाचे ठिपके असतील तर आधी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनिअम फॉइलचा बोळा करून पाण्यात बुडवून घासा. ॲल्युमिनिअम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे न पाडता गंज उचलतं. राखाडी पाणी निघेल, ते पुसून मग पेस्ट लावा. क्रॅश गार्डचे ठिपके माझ्याकडे असेच गेले. बेंड पाइपवरची उष्णतेची निळसर-सोनेरी झाक ऑटोसॉलने कमी झाली, पूर्ण गेली नाही, आणि गाडी चालली की ती परत येणारच. गार इंजिनवरच हे करा. मी एक स्प्रेसुद्धा आणला होता, क्रोमसाठी म्हणून विकला जाणारा, नाव सांगत नाही. वास छान, ठिपके जिथल्या तिथे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. सायलेन्सर झटकन चमकावा म्हणून काहीजण संडास साफ करायचं ॲसिड लावतात. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि आम्ही कारखान्यात खराब झालेलं क्रोम उतरवायला हायड्रोक्लोरिक ॲसिडच वापरायचो. त्या दिवशी गाडी चमकलेली दिसेल, कारण उघडं पडलेलं निकेल दिसतंय. पुढच्या पावसाळ्यात ते पिवळट आणि डल होईल. कृपा करून असं करू नका.

ॲल्युमिनिअमच्या कव्हरांवर ऑटोसॉल लावताना कापडाकडे बघा. काळं झालं तर उघडं ॲल्युमिनिअम आहे, खुशाल घासा. स्वच्छ राहिलं तर वर लॅकरचा पारदर्शक थर आहे, तिथे ही पेस्ट नको. मॅट काळ्या भागांना ना पेस्ट, ना कंपाउंड, ना वॅक्स. मॅट एकदा घासून चकाकलं की परत मॅट होत नाही. पुढच्या व्हायझरला अमोनियाचा काचेचा क्लीनर मारू नका, ती काच नसून प्लास्टिक आहे, बारीक तडे जातात. शाम्पूचं पाणी आणि मऊ कापड बास.

शेवटी वॅक्स. कार्नुबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, सगळ्या नैसर्गिक मेणांत कडक. फॉर्म्युला वनचा डबा मी पातळ थर लावून, धुरकट झाल्यावर पुसून वापरतो. काळ्या रंगाला त्याने जी खोली येते ती मला अजून दुसऱ्या कशाने मिळालेली नाही. पाणी थेंबांनी ओघळतं, कीटक आणि पक्ष्यांची घाण चिकटून बसत नाही. पण एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर ते काही आठवड्यांत संपतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सिरॅमिक कोटिंग करावं, फक्त त्याआधी रंग दुरुस्त करून घ्यावा, कारण कोटिंगखाली ओरखडे तसेच कैद होतात. क्रोमवरही वॅक्स लावा, क्रॅश गार्डला आणि रिमला. ती छिद्रं त्याने काही काळ बुजतात. सायलेन्सरवर नको, जळून डाग पडतो.

सॅडल बॅगखाली मी आता साइड कव्हरवर पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटवली आहे. एवढं सगळं केल्यावर परत धुळीला तिथे खायला द्यायचं नाही.

राहिली ती मागची रिम. स्पोकच्या निपलजवळ (स्पोक रिमला धरून ठेवणारा छोटा नट) क्रोम पापुद्र्याने सुटलंय आणि तिथे कुठलीही ट्यूब चालत नाही. पापुद्रा सुटला म्हणजे निकेल लोखंडाला धरून राहिलेलं नाही, घासलं तर आणखी सुटेल. ती खोलून, स्पोक काढून, जुनं प्लेटिंग उतरवून, बफ करून नव्याने निकेल-क्रोम करायला देणार आहे. प्लेटिंगवाल्याकडे देताना निकेल किती मायक्रॉन टाकणार हे आधी विचारायचं आणि बिलावर लिहून घ्यायचं. भाव कमी सांगणारा बहुतेक वेळा निकेलमध्येच वाचवतो, आणि दुकानात दोन्ही रिमा सारख्याच चमकतात.