घोटा बदलण्याची शस्त्रक्रिया: गुडघ्याचा हिशेब इथे लावू नका

नाशकात गुडघा बदलून आलेला माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो. घोटा बदललेला शोधावा लागतो. गुडघा बहुधा वयाने झिजतो. घोटा मात्र बहुतेकदा जुन्या फ्रॅक्चरने किंवा पुन्हा पुन्हा मुरगळून झिजतो, त्यामुळे पेशंट अनेकदा पन्नाशीच्या आतलाच असतो. संधिवातवाले आणि हिमोफिलियावाले (रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेले) वेगळे. वय कमी आणि काम जास्त, इथेच या सेवेची खरी परीक्षा होते.

पैसे मोजून मिळतात ते तीन भाग. नडगीच्या खालच्या टोकाला धातूची पट्टी, टॅलस हाडावर (नडगीच्या लगेच खालचं पावलाचं हाड) कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूची टोपी आणि मध्ये पॉलिइथिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा तुकडा. हा तुकडा पट्टीत अडकवलेला असेल तर फिक्स्ड, सरकता असेल तर मोबाइल बेअरिंग. साधारणपणे कमरेतून भूल देतात, मांडीला टॉर्निकेट (रक्त थोपवणारा पट्टा) बांधतात, घोट्याच्या पुढून बारा-पंधरा सेंटिमीटरचा छेद घेतात आणि दोन तासांच्या आसपास काम उरकतं. वाकडा पाय सरळ करायचा असेल किंवा टाचेमागची आखडलेली शीर लांबवायची असेल तर वेळ वाढतो आणि बिलही.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे पुढची कातडी. घोट्याच्या पुढे चिमटा घेऊन बघा, हाताला मांस लागत नाही, कातडीखाली लगेच शिरा. म्हणून जखम भरायला वेळ लागतो आणि आठ-दहा दिवसांनी टाक्यांची कड काळी पडताना दिसते. तशी दिसली तर 'पुढच्या तारखेला दाखवू' म्हणू नका, त्याच दिवशी जा. साखर वाढलेली असणं आणि तंबाखू ही त्याची दोन नेहमीची कारणं. मिश्री लावणाऱ्या बायका तंबाखूला 'नाही' म्हणतात आणि डॉक्टरही पुढे विचारत नाहीत. मिश्री ही तंबाखूच, ती आधी किमान महिनाभर आणि नंतर जखम पक्की भरेपर्यंत बंद हवी.

बाकी बिघाड असे: हाड कापताना आतल्या बाजूच्या घोट्याला तडा जाणं, पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा, जंतुसंसर्ग. वर्षांनंतरचा बिघाड वेगळा. प्लास्टिक झिजतं, त्याच्या बारीक कणांनी हाडात पोकळ्या होतात आणि धातू सैल पडतो. हे बराच काळ दुखत नाही, म्हणून ठणठणीत असलात तरी ठरल्या तारखांना उभ्याने एक्स-रे काढायचा. दहा वर्षांनी साधारण 80 ते 90 टक्के सांधे टिकलेले असतात. गुडघ्याचे आकडे याहून बरे आहेत.

दुसरा पर्याय फ्यूजनचा, म्हणजे स्क्रू घालून घोटा कायमचा जखडणं. ब्रिटनमध्ये 50 ते 85 वयाच्या 303 पेशंटांवर दोन्हींची तुलना झाली, ती 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर दोन्ही गटांना चांगला आराम होता आणि एकूण फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. जखमेची कुरबुर बदलात 13 टक्क्यांवर, फ्यूजनमध्ये 6 टक्क्यांच्या आत. उलट फ्यूजनमध्ये सुमारे 12 टक्के जणांचं हाड जुळलं नाही. म्हणजे 'नवं ते भारी' असं काही नाही.

साठीच्या पुढचा, माफक चालणारा, दोन्ही घोटे किंवा पावलाचे बाकीचे सांधेही खराब झालेला पेशंट असेल तर बदल करावा. निफाड-दिंडोरीकडचा पंचेचाळिशीचा, द्राक्षाचे क्रेट उचलणारा, ढेकळांतून दिवसभर चालणारा असेल तर आमचं मत फ्यूजनकडे. मधुमेहाने पाय बधिर होऊन सांधा ढासळला असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर घोटा बदलायच्या भानगडीत पडू नये. घाई करण्याआधी रॉकर सोलचा (गोलाकार तळाचा) बूट, घोट्याचा ब्रेस आणि सांध्यातलं इंजेक्शन वापरून झालं का, तेही बघा.

अपेक्षा मात्र नीट ठेवा. दुखणं जातं, हालचाल थोडीच वाढते. उकिडवं बसणं परत येईल असं धरू नका, घरी कमोड किंवा कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. ब्रह्मगिरीची फेरी विसरा. सप्तशृंगीला ट्रॉली आहे, ती कशाला आहे?

पहिले दोन-तीन आठवडे पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा, टाके साधारण तेव्हाच निघतात. मग पायाला आधार देणारा सर्जिकल बूट. वजन कधी टाकायचं हे सर्जनप्रमाणे दोन ते सहा आठवडे बदलतं, म्हणून शेजाऱ्याचा सल्ला घेऊ नका. सूज सहा महिने ते वर्षभर राहते, ती बिघाड नव्हे. बागाईतदारांनी खरड छाटणी उरकून मे महिन्याची तारीख घेऊ नये. बूट घालून चालायला लागेपर्यंत जून-जुलैचा चिखल सुरू होतो. मुंबईला करायचं ठरलं तर पुढच्या फेऱ्या मोजा. कसारा घाटातून येताना चार-पाच तास पाय लोंबकळत राहिला की संध्याकाळी पोटरी टरटरते. मागच्या सीटवर पाय आडवा आणि इगतपुरीला थांबा.

बिलाबाबत: गुडघ्याच्या इम्प्लांटवर 2017 पासून सरकारी किंमतमर्यादा आहे, घोट्याच्या नाही. म्हणून अंदाजपत्रकात कंपनी, मॉडेल आणि इम्प्लांटची रक्कम वेगळी लिहून घ्या. विम्यात सांधेबदलाला बहुधा काही वर्षांची प्रतीक्षा असते, मंजुरी लेखीच हवी. सर्जनला एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षभरात घोटे किती बदलले? उत्तरात गुडघ्यांचा आकडा आला तर दुसरीकडे मत घ्या.

डिस्चार्जच्या फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले आहेत का, तेही घरी निघण्याआधी बघा. पुढे नुसता प्लास्टिकचा तुकडा बदलायची वेळ आली तर मॉडेल आणि माप त्यावरूनच कळतं.