डुरान द्यावा की अब्रेऊ?

बोस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल क्लबकडे आउटफिल्डर, म्हणजे लेफ्ट, सेंटर आणि राइटला लांब उभे राहणारे फिल्डर, जास्त झालेत आणि बॉल टाकणारे पिचर कायम कमी पडतात, हे आता कोणाला नव्याने सांगायला नको. आम्हा मित्रांचा दर हिवाळ्यात एक खेळ असतो. प्रत्येकाने एक क्लब घ्यायचा, खरे करार आणि खेळाडू क्लबच्या हातात असायची खरी उरलेली वर्षं धरून कागदावर ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, करायचे, आणि आपला ट्रेड बाकीच्यांना पटवून द्यायचा. २०२५चा सीझन संपल्यावर माझ्या वाट्याला बोस्टन आलं, म्हणजे निर्णय टाळायची सोय राहिली नाही. मी लेफ्टचा डुरान दिला आणि राइटचा अब्रेऊ ठेवला. तुम्हीही तसंच करा असा माझा आग्रह नाही. उलट बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे आणि तेही पुढे येईलच.

आधी बाकीच्या तीन आउटफिल्डरचं उरकून घेतो. रोमन अँथनीला हात लावायचा नाही. एकविसाव्या वर्षी पदार्पण, ७१ सामन्यांत .२९२ची बॅटिंग सरासरी, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आठ वर्षांचा १३ कोटी डॉलरचा करार. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याचा बरगडीजवळचा स्नायू दुखावला आणि प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना, तो नव्हता, तेव्हा त्याची किंमत सगळ्यांना कळली. सेंटरला सेडान राफाएला. आपल्या जागेवरच्या सर्वोत्तम फिल्डरला मिळणारं गोल्ड ग्लव्ह २०२५ला त्याच्याकडे आलं, २०२४ मध्ये झालेला त्याचा आठ वर्षांचा पाच कोटींचा करार आजच्या बाजारात फार स्वस्त आहे. त्याची बॅटिंग महिन्यामहिन्याला वरखाली होते, पण तो सेंटरला असताना मला दुसरं कोणी तिथे बघवत नाही. योशिदाला नऊ कोटींच्या करारासकट घेणारा सापडणं कठीण, आणि सापडलाच तर त्याच्यासोबत पैसेही द्यावे लागतील. राहता राहिले दोघं, जॅरन डुरान आणि विल्यर अब्रेऊ.

दोघंही डावखुरे बॅटर. इथेच गोची आहे, कारण अँथनी आणि योशिदाही डावखुरेच. डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर जड जातो, त्यामुळे चांगला डावखुरा पिचर समोर आला की बोस्टनची अर्धी लाइनअप एकदम फिकी वाटायला लागते. म्हणून कोणीतरी एक जायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

डुरानचं पारडं कागदावर जड आहे, हे आधीच कबूल करतो. २०२४चा त्याचा सीझन मी जवळजवळ पूर्ण पाहिला आहे आणि तो विसरणं शक्य नाही. १६० सामने, ४८ डबल (एका फटक्यावर दोन बेस), १४ ट्रिपल (तीन बेस), ३४ चोरलेले बेस (फटक्याशिवाय पळून घेतलेले), शिवाय ऑल-स्टार सामन्याचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. फेनवे या बोस्टनच्या मैदानात सेंटरला ४२० फुटांवर जो त्रिकोणी कोपरा आहे तिथे बॉल गेला की लोक बॉलकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघायचे. पहिला बेस ओलांडताना तो किंचित बाहेरून वळण घेतो आणि दुसऱ्याच्या आधीच त्याचं डोकं वर होतं, पळ की थांब ते सांगणाऱ्या तिसऱ्या बेसच्या कोचकडे. त्या क्षणी आमच्या रांगेतला एकही माणूस बसलेला नसतो. २०२५ मध्ये सरासरी .२५६ वर उतरली, चोरलेले बेस २४ झाले, तरी १५७ सामने खेळला. खेळाडू रोज उपलब्ध असणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते सीझनभर लाइनअप बघणाऱ्यालाच कळतं.

आणि माणूस म्हणून त्याच्याबद्दल मनात एक कोपरा आहे. आपल्या अगदी खचलेल्या दिवसांबद्दल तो २०२५ मध्ये उघडपणे बोलला. ते सोपं नव्हतं, आणि त्यानंतर त्याच्या नावाचा शर्ट घातलेली मुलं स्टेडियममध्ये दिसली की मला बरं वाटायचं. अशा खेळाडूच्या ट्रेडचा कागद लिहिताना हात जरा अडखळतो.

अब्रेऊचं कागदावरचं चित्र साधं आहे. २०२५ मध्ये ११५ सामने, २२ होमरन, सरासरी .२४७. पोटरीच्या दुखापतीने ऑगस्टपासूनचे बरेच आठवडे खाल्ले. डावखुऱ्या पिचरसमोर त्याला बऱ्याचदा बाहेर बसवतात, आणि खरं सांगायचं तर बसवतात ते उगाच नाही. मात्र राइट फिल्डचं गोल्ड ग्लव्ह त्याने सलग दोन वर्षं घेतलंय, २०२४ आणि २०२५. पहिलं तर रूकी, म्हणजे पहिल्याच पूर्ण वर्षात, असताना.

तो बोस्टनला आला कसा, तेही इथे आठवायला हवं, कारण प्रश्न ट्रेडच्या किमतीचा आहे. १ ऑगस्ट २०२२ला संघ ह्यूस्टनमध्येच होता. बोस्टनचा कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) क्रिस्तियान व्हास्केस सामन्याआधीचा सराव करत होता, आणि तिथूनच तो समोरच्या क्लबकडे गेला. बदल्यात दोन मुलं आली, एन्मॅन्युएल व्हाल्देझ आणि अब्रेऊ. त्या दिवशी आमच्यातला प्रत्येकजण चिडला होता, मीसुद्धा. जुना, लाडका कॅचर देऊन नावंही नीट माहीत नसलेली दोन पोरं आणली, असंच वाटलं होतं. ट्रेडची खरी किंमत तीन वर्षांनी कळते हे मी तिथे शिकलो, आणि म्हणूनच पहिल्या दिवशी टाळ्या पडतील असा ट्रेड शोधायचा नाही असं ठरवलं.

आता जे मला खटकत होतं आणि ज्याने शेवटी निकाल लावला, ते सांगतो. मला ते आधी शब्दांत पकडता येत नव्हतं. पकडून दिलं बाबांनी.

बाबा २०२५च्या उन्हाळ्यात आमच्याकडे होते. तरुणपणी कोल्हापुरात क्लब क्रिकेट खेळलेले, फिल्डिंगवर फार जीव. बेसबॉलचे नियम त्यांना अर्धेच कळतात, पण फिल्डर कुठे उभा आहे आणि का, हे ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात. जुलैत एका संध्याकाळी त्यांना घेऊन फेनवेजवळच्या केनमोर स्टेशनला उतरलो, नेहमीसारखे ब्लीचर्समध्ये, म्हणजे आउटफिल्डमागच्या स्वस्त जागांवर, बसलो. तिथून अब्रेऊची पाठ दिसते आणि पलीकडे, लांबवर, तिसऱ्या बेसचा कोच.

पहिल्या बेसवर रनर होता, बॅटरने राइटला सिंगल, म्हणजे एका बेसचा फटका, मारला. अब्रेऊ पुढे धावला, बॉल एका टप्प्यात उजव्या हातातल्या ग्लव्हमध्ये आला, आणि त्याचा डावा हात मागे जायच्या आतच तिकडे कोचचे दोन्ही हात वर झाले. रनर दुसऱ्यावरच थांबला. अब्रेऊने बॉल सावकाश आत दिला.

बाबा म्हणाले, "अरे, त्याने नीट फेकलासुद्धा नाही. मग हा थांबला का?"

"बाबा, त्याचा हात माहितीय सगळ्यांना."

"म्हणजे आमच्या कव्हरसारखं," ते म्हणाले. "हात चांगला असला की दुसरी रन कोणी मागतच नाही."

दोनतीन इनिंग गेल्या. बॉल डावीकडे उंच गेला आणि लेफ्टच्या उंच भिंतीवर, ग्रीन मॉन्स्टरवर, आदळला. पत्र्याचा असतो तसा तो ठण आवाज ब्लीचर्सपर्यंत येतो. डुरान तीनचार पावलं मागे गेला होता. मग वळला, भिंतीवरून परत येणाऱ्या बॉलची वाट बघत थांबला, उचलला आणि दुसऱ्याकडे फेकला. चूक काहीच नव्हती. तिथे कोणीही तेवढंच केलं असतं.

"हा तोच ना रे," बाबा म्हणाले, "मघाशी तीन बेस पळाला तो?"

"हो."

"मग याला भिंतीला का टेकवून ठेवलाय? याला मोकळं रान द्यायला पाहिजे."

तेव्हापासून मला दुसरं काही दिसेनाच. फेनवेचं लेफ्ट फिल्ड हे लीगमधल्या सगळ्यात आखूड कोपऱ्यांपैकी एक, रेषेवर ३१० फूट आणि मागे ३७ फुटांची भिंत. तिथे लागते ती भिंतीची ओळख. बॉल कुठे लागला की कुठे उडेल, हे वर्षानुवर्षं त्या भिंतीसमोर घालवून बोस्टनचा जुना लेफ्ट फिल्डर यास्त्रेम्स्की शिकला होता. पाय तिथे कमी उपयोगाचे. उजवीकडे नेमकं उलटं आहे. रेषेवरच्या पेस्कीज पोल या खांबापाशी ३०२ फूट, पण तिथून कठडा झरझर मागे सरकतो आणि पिचर जिथे सराव करतात त्या बुलपेनपाशी ३८० होतो. कोपऱ्यात गेलेला बॉल त्या बुटक्या कठड्याच्या कडेकडेने घरंगळत राहतो, वर संध्याकाळचं ऊन डोळ्यात. या मैदानात राइटला उगाच कोणाला उभं करत नाहीत. बोस्टनच्याच ड्वाइट इव्हान्सने तिथे आठ गोल्ड ग्लव्ह मिळवली, मूकी बेट्सने चार.

म्हणजे बोस्टनमध्ये डुरानच्या पायांचा बॅटिंगच्या वेळी पूर्ण उपयोग होतो आणि फिल्डिंगच्या वेळी फार थोडा. सेंटर राफाएलाचं, ते काढून घ्यायचं नाही. अब्रेऊचा हात मात्र नेमका तिथे उभा आहे जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज आहे. ट्रेडमध्ये मी आता हाच हिशोब धरतो. जो खेळाडू समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल, तो द्यायचा. पिट्सबर्गच्या मैदानात डाव्या मध्यावर ४१० फुटांचा कोपरा आहे. तिथे किंवा तसल्या एखाद्या मोठ्या मैदानात डुरान जे बॉल पकडेल, ते फेनवेत त्याच्या वाट्याला येतच नाहीत. समोरचा क्लब त्याच्याकडे बघताना हे सगळं धरून बघणार आणि तेवढी किंमत देणार. अब्रेऊच्या हाताची किंमत मात्र बाहेरचा कोणी फेनवेतल्याइतकी लावणार नाही.

यावर आमच्या गटातल्या एकाने चांगला आक्षेप घेतला: निम्मे सामने तर बाहेरच खेळायचे असतात, तिथे डुरानचे पाय लागतात की. बरोबर आहे. ८१ सामने थोडे नाहीत. माझ्याकडे याला मोजमापाचं उत्तर नाही, माझ्याकडे फक्त वर्षानुवर्षं एका जागेवरून बघितल्याचा अनुभव आहे. मला तरी असं वाटतं की बाहेरच्या मैदानांवर लेफ्टला डुरान थोडा बिचकतो, कदाचित घरी सवय वेगळी लागल्यामुळे. कॉलेजात तो सेकंड बेसला खेळायचा, आउटफिल्ड नंतर शिकला, हेही त्यात असेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये यांकी स्टेडियममध्ये न्यूयॉर्कच्या ॲरन जजचा खाली झुकत आलेला बॉल त्याच्या ग्लव्हमधून सुटला आणि रन आली. एका बॉलवरून माणसाची किंमत करू नये, मीही करत नाही. पण तो बॉल माझ्या मनातून गेलेला नाही.

दुसरा आक्षेप किमतीचा. २०२४ नंतर विकला असता तर डुरानचे दुप्पट मिळाले असते, आता पडत्या किमतीत का द्यायचा? हा विचार मीही बरेच दिवस केला. शेवटी वयाकडे बघितलं. डुरान सप्टेंबर २०२५ला २९ वर्षांचा झाला, अब्रेऊ तेव्हा २६चा. डुरानची २०२८ पर्यंतची वर्षं क्लबच्या हातात आहेत, अब्रेऊची २०२९ पर्यंतची. पायांवर उभा असलेला खेळ आधी ओसरतो, हात बराच काळ टिकतो. घेणाऱ्याला आज तीन पूर्ण वर्षं मिळतायत. पुढच्या हिवाळ्यात दोनच उरतील, आणि तेव्हा भाव वर जाईल अशी आशा धरणं मला जमलं नाही.

बोस्टनचा माणूस आउटफिल्डर द्यायला घाबरतो, त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये बेट्स लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेला, बदल्यात व्हर्डुगो, डाउन्स आणि वाँग आले, आणि त्याच वर्षी डॉजर्स वर्ल्ड सिरीज जिंकले. ती जखम मलाही आहे. पण बेट्स फेनवेच्या राइटला उभा होता, याची आठवण मी मित्रांना करून दिली. या मैदानाला हवा असलेला माणूस तेव्हा दिला गेला. तेच पुन्हा करायचं असेल तर अब्रेऊ द्या.

किंमत मागताना मात्र घाई नको. डिसेंबर २०२४ मध्ये पिचर गॅरेट क्रोशेसाठी बोस्टनने चार तरुण मोजले, त्यात ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेला आउटफिल्डर ब्रेडन माँटगोमरी होता. वर्षभराने होस्टिन्सन गार्सिया हा मोठ्या लीगमध्ये जेमतेम दिसलेला आउटफिल्डर पिट्सबर्गला गेला आणि प्रामुख्याने त्याच्या बदल्यात योहान ओव्हिएडोसारखा स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, आला. म्हणजे बाजारात आउटफिल्डरला मागणी आहे. डुरानच्या बदल्यात निव्वळ प्रॉस्पेक्टचा, म्हणजे अजून मोठ्या लीगमध्ये न आलेल्या तरुणांचा, गठ्ठा देत असतील तर घेऊ नका. आज मोठ्या लीगमध्ये पिचिंग करणारा, निदान तीन वर्षं हातात असणारा एक स्टार्टर, आणि त्याच्यावर उजव्या हाताने बॅटिंग करणारा एखादा तरुण इनफिल्डर (बेसजवळचा फिल्डर), एवढं मी मागितलं. सोळा दिवस घासाघीस झाली. इनफिल्डर मिळाला नाही, त्याऐवजी एक रिलीव्हर, म्हणजे सामन्याच्या मध्येच येणारा पिचर, घ्यावा लागला, आणि तो मला अजून फारसा पटलेला नाही.

समोरचा अब्रेऊच मागत बसला तर काय, असं एकाने मला विचारलंय. डावखुऱ्या पिचरसमोर जो बसतो त्याच्यासाठी एवढा हट्ट का, हे आधी त्या समोरच्याला विचारा. त्याचं मैदान कोणतं आहे ते बघा. राइट मोठं असेल तर त्याला तुमच्याइतकंच कळलंय असं समजा, आणि डुरानसाठी मागितलं त्याहून एक स्टार्टर जास्त मागा.