बजेट गेमिंग चेअर: कोकणातला एक पावसाळा काढल्यावर

दिवाळीच्या सेलमध्ये 8,499 रुपयांना घेतलेली ही चेअर. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीतल्या डझनभर चेअर एकाच साच्यातून काढल्यासारख्या असतात, पाठीवर शिवलेला लोगो तेवढा बदलतो. पीयू लेदर (म्हणजे नकली चामडं), 135 अंशांपर्यंत मागे जाणारी पाठ, मानेला आणि कमरेला पट्ट्यांवर लटकणाऱ्या उशा, सीट वर-खाली करणारा क्लास 4 (मजबुतीचा दर्जा) गॅस सिलिंडर, नायलॉन बेस (खालचे पाच पाय), 60 मिलिमीटरची चाकं. स्पेक्स तुम्ही वाचलेलेच असणार. माझा अनुभव देवगडचा आहे, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या घरातला, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

वापर सांगतो, म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. मी घरूनच काम करतो: जीएसटी रिटर्न, हॉटेलवाल्यांचे हिशोब, सीझनला आंबा बागायतदारांची बिलं. सकाळी बसलो की जेवायलाच उठतो. रात्री तासभर गेम, तोही लाईट असली तर. त्याआधी प्लास्टिकच्या खुर्चीवर उशी टाकून दिवस ढकलत होतो, त्यामुळे तीस-पस्तीस हजारांच्या खुर्चीशी तुलना करायचा प्रश्नच नव्हता.

डिलिव्हरी म्हणे घरपोच. कुरिअरवाल्याने जामसंड्याला तिठ्यावरून फोन केला, "खोका मोठा आहे, तुम्हीच येऊन घेऊन जा." रिक्षाचे पैसे किमतीत धरा. जोडायला फार डोकं लागत नाही, पण सोबत आलेली एल-की इतकी मऊ की बोल्टच्या डोक्यात ती नुसतीच गोल फिरते. घरातली चांगली घ्या, नसेल तर शेजाऱ्याकडून आणा. सगळे बोल्ट आधी अर्धवट लावा आणि पाठ सरळ बसली की मगच आवळा. एकेक पूर्ण आवळत गेलात तर शेवटच्याचं भोक जुळत नाही.

उभी केलेली खुर्ची बघून आजी म्हणाली, "मेल्या, गाडीची सीट घरात कित्याक आणलंस?" आजीने बरोबर ओळखलं. हा आकार रेसिंग गाडीच्या बकेट सीटवरूनच आलाय. डीएक्सरेसर ही कंपनी आधी गाड्यांच्या सीटमध्ये होती. 2006 मध्ये तिने असली खुर्ची काढली आणि मग बाकीच्यांनी तोच आकार उचलला. गाडीत वळणावर अंग घसरू नये म्हणून सीटला दोन्ही बाजूंनी उंच कडा असतात. घरात कसलं वळण? इथे त्या कडांमुळे एवढंच होतं की मांडी घालून बसता येत नाही, गुडघे कडेवर टेकून मांड्या दुखतात. मांडी घालायची सवय असेल तर हा आकार तुमच्यासाठी नाही.

उंचीचं गणित घ्यायच्या आधी करा. फोटोवरून ते कळत नाही. चप्पल काढून कडक खुर्चीवर बसा, जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत टेप लावा आणि तो आकडा चेअरच्या कमीत कमी सीट हाइटशी ताडा. मला चालतं. बायको पाच फुटांची, सिलिंडर पूर्ण खाली केला तरी तिच्या टाचा टेकत नाहीत, त्यामुळे ती बसली की पायाखाली पाट लागतो. सीटची खोलीही बघा: पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे, नाहीतर कड पोटरीला रुतते. 'एर्गोनॉमिक' हा शब्द हल्ली खोक्यावर फुकट छापून मिळतो.

सीटचा फोम मात्र खरंच चांगला निघाला. मोल्डेड आहे, कापून चिकटवलेला नाही. दिवसभर बसूनही अजून खड्डा पडलेला नाही. पाठ मागे टाकून दुपारची डुलकी काढता येते, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी सगळ्यात जास्त वापर त्याचाच झाला. खुर्चीच्या हातांची उंची वर-खाली होते, पण ते आत-बाहेर सरकत नाहीत आणि थोडे डुगडुगतात. कमरेची उशी मला अजिबात आवडली नाही, सारखी वर सरकते. काढून टाका. एप्रिल-मेमध्ये पीयू लेदर घामाने पाठीला चिकटतं, त्यावर पंचा टाकून बसायचं. एवढं सोडलं तर या पैशात तक्रारीला जागा नाही. चार स्टार.

इथपर्यंतचं मेमध्ये लिहून ठेवलं होतं. तसंच राहू दिलंय, कारण उन्हाळ्यापुरतं ते खरं आहे. पुढचं पावसानंतरचं.

आपल्याकडे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. खुर्ची जांभ्याच्या भिंतीला टेकून असायची. जूनच्या शेवटी पाठीच्या मागच्या बाजूला पांढरट बुरशी दिसली. पुसली, आठवड्यात परत आली. खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे ओढली, काम नसतानाही पंखा तिच्या दिशेने ठेवला, तेव्हा आटोक्यात आली. कपाटात बल्ब लावून ठेवतो तसा खुर्चीखाली लावायचं आजीने सुचवलं होतं, ते केलं नाही. पावसाने उघडीप दिली की उन्हात ठेवायचा मोह होतो, तोही आवरा. कडक उन्हाने पीयू आणखी लवकर कडक पडतं. वारा लागू दे, ऊन नको.

ऑगस्टमध्ये मांड्या घासतात तिथे, सीटच्या पुढच्या कडेला बारीक भेगा पडल्या. मग काळे पापुद्रे सुटून पँटला चिकटायला लागले. पीयू लेदर म्हणजे कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. हवेतला ओलावा आणि उष्णता तो थर आतून तोडत नेतात, याला हायड्रोलिसिस म्हणतात. म्हणून नुसते कपाटात ठेवलेले पीयू सोलचे बूटसुद्धा एक दिवस तळव्यापासून सुटतात. घाम आणि खोबरेल तेल वरून भर घालतात. माझी डोकं टेकायची जागा आधी गेली, त्याचं कारण तेल. पीव्हीसीचं साधं रेक्झीन ओलाव्याला जास्त टिकतं. रिक्षाची सीट बघा, पावसात भिजते, उन्हात तापते आणि वर्षानुवर्षं चालते. फक्त त्यावर घाम जास्त येतो. गाडीच्या सीट शिवणाऱ्याला विचारून ठेवलंय, तो नुसत्या सीटला रेक्झीन चढवून देईल. त्याने सांगितलेला आकडा ऐकून सध्या पंचाच चालू आहे.

गंजाचं वेगळंच. खारा वारा बोल्टवरचं चकचकीत प्लेटिंग एका पावसात खातो. गंमत म्हणजे सगळे सांगतात नायलॉन बेस घेऊ नका, मेटल घ्या. इथे माझा नायलॉन बेस पहिल्या दिवसासारखा आहे आणि मित्राच्या महागड्या चेअरच्या क्रोमच्या पाच पायांवर तांबूस ठिपके आलेत. पुण्यात बसून हे वाचत असाल तर माझी निम्मी तक्रार सोडून द्या. समुद्राजवळ राहत असाल तर नायलॉनला नावं ठेवू नका, फक्त वजनाची मर्यादा बघून घ्या.

आता टोपी. पाठ आणि सीट यांना जोडणारे दोन लोखंडी ब्रॅकेट असतात, दोन्ही बाजूंना एकेक. उजवीकडे पाठ मागे टाकायचा लिव्हर, डावीकडे नुसतं बिजागर. दोन्हींवर तळहाताएवढं काळं प्लास्टिकचं झाकण, हीच ती टोपी, एका बारक्या स्क्रूवर धरलेली. माझ्या डावीकडचा स्क्रू गंजून फुगला, त्याने आतली प्लास्टिकची नळी फोडली आणि सप्टेंबरमध्ये झाकण खाली पडलं. आत ग्रीस आणि गंज. बायकोच्या ओढणीला लागलेला डाग अजून गेलेला नाही. भाचा येतो तो तिथेच बोट घालतो. पाठ मागे-पुढे होताना त्या सांध्यात बोट सापडलं तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

वॉरंटी तीन वर्षांची. कस्टमर केअरचं उत्तर, "सर, वो कॉस्मेटिक पार्ट है, वॉरंटी में नहीं आता." विकत द्या म्हटलं, तर सुटा मिळत नाही. टेक्निशियन पाठवा म्हटलं, तर आमच्या पिनकोडला सर्व्हिस नाही, कोल्हापूरहून माणूस येईल. तो अजून घाट उतरतोय. खुर्ची परत घ्या म्हटलं, तर मूळ खोका लागेल. खोक्याचे पुठ्ठे मे महिन्यातच आंब्याच्या पेट्यांतून ठाण्याला गेले. पावसाळाभर एवढा पुठ्ठा घरात कोरडा कोण ठेवतो?

शेवटी 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. फोन लागतो, फुकट आहे, बिलाचा फोटो आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार हाताशी ठेवा. त्यानंतर कंपनीचा स्वतःहून फोन आला आणि आवाजातली साखर वाढलेली होती. टोपी पाठवतो म्हणाले. पाठवली. उजवी. लिव्हरसाठी फट असलेली. मी खुर्चीचा फोटो काढून डाव्या बाजूला लाल बाण केला, खाली 'लेफ्ट' लिहिलं, बसणाऱ्याची डावी असंही लिहिलं. दुसरं पार्सल आलं. परत उजवी. तिसऱ्या वेळी टोपीच्या जागी मानेची नवीन उशी, 'गैरसोयीबद्दल भेट' म्हणून. मान माझी आधीच ठीक आहे हो!

याहून पुढे जायचं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. म्हणजे मला ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी. एका टोपीसाठी एसटीचं तिकीट काढू का, यावर घरात दोन मतं आहेत.

दुरुस्ती बंदरावर झाली. तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात जुना बोल्ट दाखवून स्टेनलेसचे मागितले. त्याने विचारलं, "304 की 316?" हे स्टेनलेसचे दोन प्रकार. 316 मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, त्यामुळे ते खाऱ्या पाण्याला जास्त टिकतं, होडीला तेच वापरतात. महाग आहेत, पण खुर्चीला लागतात किती? साधारण M8 आणि M6, म्हणजे 8 आणि 6 मिलिमीटर जाडीचे लागतात. तरी सॅम्पल घेऊन जा, लांबीत फसाल. आट्यांना ग्रीस लावूनच बसवा, नाहीतर स्टेनलेस आणि साधं लोखंड ओलाव्यात एकमेकांना लागून ब्रॅकेट आणखी गंजतं. तिथेच होड्यांचं फायबरचं काम करणारा एक जण होता. त्याने उजव्या टोपीचा आकार बघितला, उलटा केला आणि उरलेल्या फायबरमधून डावी करून दिली. रंग होडीचा, म्हणजे निळा. खुर्ची काळी-लाल. पण पायाने ठोकली तरी हलत नाही, आणि त्याने जे पैसे घेतले त्यात कंपनीचं एक पार्सलही आलं नसतं.

बोल्ट बदलल्यावर हातांची डुगडुग जवळपास गेली. उन्हाळाभर जी मी हातांच्या माथी मारत होतो ती सैल बोल्टची होती. कमरेची उशीही परत लावली आहे, बेल्टच्या किंचित वर, पट्टे आवळून मागे गाठ मारली की ती सरकत नाही. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवसांत ती नसती तर कंबर धरली असती. सिलिंडरची तक्रार शून्य, बसलं की खाली जात नाही. त्यात दाबाने भरलेला नायट्रोजन असतो, त्यामुळे तो कधी बिघडला तर उघडू नका, अख्खा नवीन टाका. क्लास किती ते सिलिंडरवरच कोरलेलं असतं, जाहिरातीवर जाऊ नका, खुर्ची आडवी करून बघा.

आज परत घ्यायची झाली तर? याच पैशात जाळीच्या पाठीची साधी ऑफिस चेअर, कापडी सीट, नायलॉन बेस. जाळीला बुरशी धरायला जागा कमी, वाराही लागतो, आणि बहुतेक मॉडेलांत मांडी घालायला कडा आड येत नाहीत. दिसायला बँकेतल्या खुर्चीसारखी, पण रात्री गेम खेळताना बघतंय कोण? ज्यांना हाच आकार हवा आहे त्यांनी पीयूऐवजी कापडी कव्हरचं मॉडेल बघा, थोडं महाग पडेल. माझी मी विकणार नाही. पापुद्रे सुटलेल्या खुर्चीला इथे हजारसुद्धा कोणी देणार नाही, आणि फोम अजून शाबूत आहे.

तीन स्टार. त्यातला एक फोमचा, एक सिलिंडरचा, एक नायलॉन बेसचा. कंपनीच्या ॲपवर माझी तक्रार 'सोडवली' अशी दिसते आणि सर्व्हिसला रेटिंग द्या म्हणून रोज मेसेज येतो.

उजव्या बाजूच्या दोन टोप्या कोऱ्या पडून आहेत, त्याच साच्यातल्या चेअरला बसतील. कणकवली-मालवणपर्यंत कोणाला हव्या असतील तर घेऊन जा. कुरिअर हवं असेल तर पैसे आधी.