आरसी कारसाठी चार्जर: डब्यातला, बी६ का डीसीवाला?

आरसी म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या कारसाठी चार्जर कोणता घेऊ हे ठरवायच्या आधी आपल्या बॅटरीचं लेबल नीट वाचा, अर्धं उत्तर तिथेच असतं. समजा लेबलवर ७.४ व्होल्ट, ५००० एमएएच असं लिहिलंय. म्हणजे टूएस लायपो (लिथियम पॉलिमर), दोन सेल, पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट. ही साधारण तासाभरात भरायची तर ५ अँपिअर लागतात, म्हणजे ८.४ गुणिले ५, ४२ वॅट. तेवढ्याच एमएएचची थ्रीएस असेल तर ६३ आणि फोरएस असेल तर ८४ वॅट. हा गुणाकार घरी करून निघा, मग दुकानात कोणी काहीही म्हणो आपल्याला किती पाहिजे ते आपल्याला माहीत असतं.

आता डब्यातला चार्जर. डब्ल्यूएलटॉइज १४४००१ सारखी कार असेल, १५०० एमएएचची छोटी बॅटरी, तर सोबतचा यूएसबी चार्जर सुरुवातीला चालतो, वेळ खातो पण काम करतो. मोठ्या पॅकला मात्र हा किंवा तो तीन लाइटवाला स्वस्त बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) लावूच नका. तो बऱ्याचदा ८०० मिलीअँपिअरच्या आसपास देतो, ५००० ची बॅटरी म्हणजे सहा तासांच्या वर गेलात, आणि एवढं थांबून स्क्रीन नाही, कुठला सेल किती व्होल्टवर आहे ते कळत नाही, स्टोरेज मोड, म्हणजे बॅटरी ठेवून द्यायच्या व्होल्टेजवर आणणारी सोय, तर नाहीच.

आणि स्टोरेजवर मी अडून बसतो, कारण आपल्याकडे त्याची गरज खरंच आहे. इंदूरला पाऊस लागला की मैदानं चिखल होतात, कार कपाटात जाते ती नवरात्रापर्यंत, आणि बॅटरी फुल चार्ज तशीच पडून राहते. लायपो ४.२ व्होल्ट प्रति सेलवर महिनोन्‌महिने ठेवली की आतून खराब होत जाते, फुगते. वर त्याआधीचा एप्रिल-मेचा उन्हाळा, ४०-४२ डिग्री, त्यात भरलेली बॅटरी माळ्यावर ठेवणं तर अजूनच वाईट. ठेवायची ती ३.८ च्या आसपास, आणि ते काम चार्जरने स्वतः केलं पाहिजे.

म्हणून पहिला खरा चार्जर म्हणजे बी६ च्या वर्गातला. स्कायआरसीचा आयमॅक्स बी६ साधारण ५० वॅट, ५ अँपिअर, सहा सेलपर्यंत, लायपो आणि निकेलच्या जुन्या ७.२ व्होल्टवाल्या पॅक दोन्ही चालतात. टूएसला पुरेपूर. थ्रीएसला ५ च्या जागी ४ अँपिअरच मिळतील, म्हणजे थोडा वेळ जास्त, काही बिघडत नाही. फक्त नीट बघून घ्या, साधा बी६ थेट भिंतीच्या प्लगला लागत नाही, त्याला ११ ते १८ व्होल्टचा वेगळा सप्लाय लागतो, बी६एसीला लागत नाही. आणि याच्या नकला बाजारात भरपूर आहेत, त्यांचं व्होल्टेजचं माप चुकू शकतं, स्क्रीनवर ४.२० आणि सेल प्रत्यक्षात त्याच्याही वर. मल्टिमीटरने एकदा पडताळून घ्या. बी६ चा डिस्चार्ज फक्त ५ वॅट आहे, फुल टूएस ५००० स्टोरेजला उतरवायला साडेतीन-चार तास धरा, त्यापेक्षा कार फिरवून अर्धी करा आणि मग स्टोरेज लावा. नवे ६०-६५ वॅटचे छोटे एसी चार्जर पण येतात, वापरायला सोपे, पण घेताना स्टोरेज मोड आहे का ते विचारा.

दोन-तीन बॅटऱ्या असतील आणि दशहरा मैदानावर किंवा बायपासच्या बाजूला जाऊन चालवत असाल तर माझं मत सरळ डीसी चार्जर, म्हणजे भिंतीच्या प्लगऐवजी बॅटरीवर किंवा वेगळ्या सप्लायवर चालणारा. टूलकिटआरसी एम६ तळहातावर मावतो, १५० वॅट, १० अँपिअर, ७ ते २८ व्होल्ट इनपुट. मैदानावर गाडीच्या बॅटरीवरून चार्ज होतं, फक्त इनपुटची खालची मर्यादा १२ व्होल्टच्या आसपास सेट करा नाहीतर परत निघताना गाडी स्टार्ट होणार नाही. घरी सप्लाय लागतो, आणि १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर १५० चे ६० वॅटच राहतात हे विसरू नका. इंदूरच्या महाराणी रोडला सीसीटीव्ही आणि एलईडी पट्ट्यांचे १२ व्होल्ट १० अँपिअरचे एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मिळतात, ते चालतात, पण त्यांच्या उघड्या टर्मिनलवर २३० व्होल्ट असतात, घरात मुलं असतील तर झाकण लावल्याशिवाय वापरूच नका.

एकदम दोन पॅक भरायच्या असतील तर होटा डी६ प्रो, एसीवर दोन्ही पोर्ट मिळून २०० वॅट, डीसीवर प्रत्येकी ३२५. फोरएसचे दोन मोठे पॅक असतील तर पैसे वसूल, एका टूएससाठी एवढा खर्च कशाला.

ट्रॅक्सस कंपनीच्या कारवाल्यांचं वेगळं आहे. त्यांच्या आयडी बॅटरीत बॅलन्सच्या तारा मेन कनेक्टरमध्येच असतात, म्हणून त्यांचा स्वतःचा चार्जर लावला की तो बॅटरी ओळखून घेतो, नवख्या माणसाला किंवा बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे खूप सोयीचं. दुसरा चार्जर लावायचा तर अडॅप्टर घ्यावा लागतो, तोही खर्चात धरा. बाकीच्यांनी बॅटरीचा प्लग बघून एक्सटी६० किंवा टी-प्लगची तार चार्जरसोबतच मागवा.

आणि कुठलाही घेतलात तरी बॅटरी कारमधून काढल्यावर गार होऊ द्या, मेमध्ये अर्धा-पाऊण तास सहज लागतो, चार्ज फरशीवर करा, पलंगावर किंवा सोफ्यावर नाही, आणि चालू ठेवून बाहेर जाऊ नका.