महाबळेश्वर की दिवेआगर? घरच्या गाडीने, कोरोनाच्या दिवसांत

विमान नको, रेल्वे नको, आपली गाडी बरी, एवढ्यावर २०२० च्या कोरोनाकाळात सगळ्यांचं एकमत होतं. २ सप्टेंबर २०२० पासून जिल्ह्याबाहेर जायला लागणाऱ्या ई-पासची कटकटही गेली. मग ठाणेकरांपुढे फिरून फिरून दोनच नावं येत होती : घाटावर महाबळेश्वर, नाहीतर खाली कोकणात दिवेआगर. (अलिबाग मी मोजत नाही. शनिवारी तिथे अर्धं ठाणं भेटतं.) आम्ही त्या वर्षी दिवाळीनंतर महाबळेश्वर केलं आणि नाताळच्या सुट्टीत दिवेआगर. बरोबर सत्तरीतली आई आणि पाच वर्षांची मुलगी. तेव्हा पुढचं सगळं या दोघींच्या सोयीने लिहिलेलं आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

रस्त्यात महाबळेश्वर जिंकतं, त्यात वादच नाही. एक्स्प्रेसवे, पुण्याचा बायपास, खंबाटकी, सुरूर फाट्यावरून वाई आणि मग पसरणीचा घाट. अंतर जास्त, पण गाडी चालवताना त्रास नाही. दिवेआगर जवळ असूनही अंग खिळखिळं करतं. पनवेल-इंदापूर पट्ट्याचं चौपदरीकरण २०११ पासून तेव्हाही चालूच होतं आणि आईच्या कंबरेला त्यातला प्रत्येक खड्डा कळला. फक्त एक आहे : पहाटे निघालं आणि चहा थर्मासमध्ये घेतला, तर दिवेआगरला कुठेही फारसं न थांबता पोचता येतं. महाबळेश्वरला जाताना फूड मॉलचं स्वच्छतागृह टळत नाही, आणि तिथली रांग बघून कोरोना संपलाय असंच वाटायचं.

दवाखान्याचा विचार करणार असाल, आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर करायलाच हवा, तर घाटावरची बाजू भक्कम आहे. खाली वाई, पुढे सातारा. दिवेआगरहून रात्री-बेरात्री निघायची वेळ आली, तर म्हसळ्यावरून वळणं घेत माणगाव गाठावं लागेल. ऑक्सिमीटर आम्ही दोन्हीकडे नेला होता, पण दिवेआगरला तो उशाशी ठेवला. वर्क फ्रॉम होम किंवा मुलांचा ऑनलाइन वर्ग सोबत नेणार असाल तरी महाबळेश्वरच बघा. दिवेआगरला मीटिंगमध्ये माझा आवाज निम्मा पोचत होता. तशी मला त्याची फार खंत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही महाबळेश्वरचं बुकिंग करायला घ्याल. पण मला तिथे एका गोष्टीने पार वैताग आणला.

हॉटेलचा दोष नव्हता. दारात ताप मोजला, बॅगांवर फवारा मारला, सगळं नियमाने. पण खोलीचं दार उघडलं की कॉरिडॉर, आणि कॉरिडॉर म्हणजे मास्क. मुलीला खिडकीतून माकड दिसलं, खाली जायचंय, मास्क. लिफ्टपाशी पोचल्यावर कळायचं की तिचा मास्क पलंगावरच राहिलाय. परत मागे. आईच्या चष्म्यावर वाफ धरायची, तशात मेनू कार्ड बंद करून क्यूआर कोड लावलेला. मोबाइलवर अक्षरं वाचता येईनात, तेव्हा दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या रे, मी बसते खोलीतच." खोलीत बसायचा सराव आम्ही मार्चपासून ठाण्यात फुकटात केला होता.

दिवेआगरला वाडीतल्या एका घरी उतरलो होतो. दोन खोल्या, पुढे पडवी, पुढे अंगण. मास्क पहिल्या दिवशी पडवीतल्या खुंटीला लागले, ते बोर्लीच्या बाजारात जातानाच निघायचे. काकू जेवणाची भांडी पडवीतल्या टेबलावर ठेवून मागे सरायच्या. "वाढून घ्या हो, काय लागलं तर हाक मारा." वालाचं बिरडं, सोलकढी, एकदा मोदक. आई पायरीवर बसून अंगणात वाळत घातलेल्या सुपारीवरून त्यांच्याशी लांबूनच बोलत राहायची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच पट्ट्यात धडकलं, त्यात या वाडीतली बरीच पोफळं आडवी झाली. जिथे भर दुपारी सावली असायची तिथे आम्ही गेलो तेव्हा ऊन पडत होतं. नवीन रोपं लावली होती, पण सुपारी धरायला वर्षं जातात, तोवर या दोन खोल्यांचं भाडं त्यांना मोलाचं होतं. हे काही तुमच्या निवडीचं कारण असलंच पाहिजे असं नाही. माझ्या मनात मात्र होतं.

आता दुसरी बाजूही सांगतो. पाचगणीकडे अख्खा बंगला मिळाला, तर कॉरिडॉरची भानगडच उरत नाही. एका कुटुंबाला तो महाग पडतो, पण दोन भावांची कुटुंबं मिळून जाणार असतील तर माझं गणित तुम्हाला लागू नाही. हिवाळ्यात स्ट्रॉबेरीचे दिवस असतात, मुलं खूश होतील. शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा समुद्रालगतचा रस्ता मात्र तिकडे कुठून आणणार!

दिवेआगर ठरलं, की तेव्हा फोनवर "ठाण्याचे का? तब्येती बऱ्या ना सगळ्यांच्या?" असं विचारायचे. राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या वर्षी गणपतीत चाकरमान्यांनाही कोकणात दहा दिवस विलगीकरणात राहावं लागलं होतं, मग तुम्ही-आम्ही कोण? एसी आणि गरम पाण्याचं नंतर विचारा. आधी विचारा, त्याच पडवीत दुसरं कुटुंब उतरणार आहे का. उतरणार असेल तर शनिवार-रविवार सोडून सोमवार ते बुधवार मागा.